रेडिओ कंपनीचाच ठेवायचा आहे. नवे स्पीकर लावून बेस उलट कमी झाला

मागचीसीट

गाडी छोटी हॅचबॅक. डॅशबोर्डवरचा स्क्रीन बदलता येत नाही, कारण एसीची सेटिंग, मागचा कॅमेरा, पार्किंग सेन्सरची टिकटिक सगळं त्याच्याच पोटात आहे. तेव्हा रेडिओ तोच राहणार, हे पक्कं.

पुढच्या दारांतले कंपनीचे कागदी कोनचे (शंकूसारख्या पडद्याचे) स्पीकर काढून ६.५ इंची कंपोनंट सेट बसवला. दारात वूफर (खालच्या सुरांचा), आरशाजवळच्या तिकोनी झाकणात ट्विटर (वरच्या सुरांचा), मधे सेटसोबत आलेला पॅसिव्ह क्रॉसओव्हर, म्हणजे सूर दोघांत वाटणारी डबी. खोक्यावर ६० वॅट आरएमएस (सलग पेलणारे वॅट), ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी (थोड्या वॅटवर किती जोरात वाजतो) ८८ डीबी असं छापलंय. मागचे स्पीकर मूळचेच आहेत.

गाणाऱ्याचा गळा आता स्वच्छ ऐकू येतो, पण डग्गा, बेस गिटार सगळं पातळ झालंय. व्हॉल्यूम ४० पैकी ३० च्या वर नेला की आवाज फाटतो आणि ट्विटर कानाला टोचतो. ॲम्प लावायचा की आधी दुसरं काही बघायचं? रेडिओला आरसीए आउटपुट (ॲम्पला जोडायची सॉकेटं) नाहीत. मल्टिमीटर आहे, दाराचं पॅड काढता येतं.

गिअरनॉब

अँड्रॉइड स्क्रीन टाका, विषय संपला.

चारओहम

गिअरनॉब, पहिलं वाक्य परत वाचा की.

मागचीसीट, ॲम्पचं नाव तूर्त काढू नका. नवे स्पीकर लावल्यावर बेस जायची चार कारणं असतात आणि त्यातली दोन फुकटात तपासता येतात.

पहिलं, पोलॅरिटी, म्हणजे वायरींचं प्लस-मायनस. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतली वाटणी) पूर्ण पुढे घ्या. बेस भरपूर असलेलं गाणं मध्यम आवाजात लावा आणि बॅलन्स (डाव्या-उजव्यातली वाटणी) एका टोकाला न्या. एकच दार वाजताना बेस वाढल्यासारखा वाटला आणि बॅलन्स मधे आणताच गायब झाला, तर दोन्हींपैकी एका वूफरच्या वायरी उलट्या आहेत. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. खात्री करायला वूफरचा कपलर (वायरींचा जोड) सोडवा आणि १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर उडी मारायला हवा. ट्विटरवर हा प्रयोग करू नका. बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या दोन्ही वायरी एका रंगाच्या असतात, फक्त एकीवर बारीक रेघ असते, आणि ती रेघ प्लसचीच असेल असं नाही.

दुसरं, दाराचा पत्रा. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर बेस येत नाही, कारण कोनच्या मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. दारात तेच होतं. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात आणि त्यांच्यावर नुसतं प्लॅस्टिक ताणलेलं असतं. कंपनीचा स्पीकर आपल्या प्लॅस्टिकच्या टोपलीसकट पत्र्यावर घट्ट बसायचा. तुम्ही नवा स्पीकर अडॅप्टर रिंगवर बसवला असणार. रिंग आणि पत्रा यांच्यात २-३ मिलिमीटरची फट राहिली तरी बेसचं मातेरं होतं. टॉर्च लावून बघा, दिसेल.

तिसरं, सेन्सिटिव्हिटी. जुना कागदी कोन हलका असतो, थोड्या वॅटवर जोरात वाजतो. नवा जड आहे. ८८ आणि ९१ डीबीत ३ डीबीचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. खोक्यावरचा आकडा १ वॅटवर मोजलाय की २.८३ व्होल्टवर तेही बघा. ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, तिथे आकडा ३ डीबीने फुगलेला असतो.

चौथं कारण रेडिओच्या आतलं इक्वलायझर, म्हणजे कुठले सूर वाढवायचे, कुठले कमी करायचे ते ठरवणारी सेटिंग. त्यावर इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

एक सांगायचं राहिलं. जुना ट्विटर अजून जोडलेला नाही ना? अनेक गाड्यांत ट्विटरची वायर दारातल्या वायरीलाच समांतर फुटते आणि जुना ट्विटर डॅशबोर्डवर कुठेतरी वाजत राहतो. टोचण्याचं हेही कारण असतं. ओहम मोजून तो सापडणार नाही, त्याच्या कपॅसिटरमुळे डीसी अडतं. क्रॉसओव्हरकडे जाणारी वायर सोडवा आणि कान लावून ऐका, कुठे किरकिर येते का. मग नव्या क्रॉसओव्हरवर ट्विटरसाठी ०, −३ अशी पिन असली तर −३ वर ठेवा.

मागचीसीट

तपासलं. सेल टेकवल्यावर एका दाराचा वूफर आत गेला, म्हणजे उलटा होता. सुलटा केला, फरक लगेच कळला. जुना ट्विटर निघालेला आहे. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) आहे, खालच्या बाजूला फट दिसते. दार कसं बंद करायचं ते जरा सविस्तर सांगाल का?

चारओहम

एमडीएफ दारात टिकत नाही. काचेच्या रबरातून पाणी आत येणारच, दाराची रचनाच तशी असते. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं आणि स्क्रू सैल होतात. एचडीपीई किंवा पीव्हीसी प्लॅस्टिकची १२ ते १८ मिलिमीटर जाडीची रिंग घ्या. जाडी ठरवण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेट आणि काच यांच्यातलं अंतर मोजा, ५ मिलिमीटर तरी मोकळं हवं. बाहेरच्या बाजूला पॅडची जाळी कोनला लागणार नाही हेही बघा. रिंगच्या दोन्ही अंगांना बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा, एक पत्र्याकडे, एक स्पीकरकडे.

मग पत्र्याची थरथर मारणारी शीट. अल्युमिनियमचं तोंड असलेली २ मिलिमीटरची ब्यूटाइल रबराची शीट घ्या. डांबराची नको, उन्हात वितळून ओघळते. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोब्बर मागे एक मोठा तुकडा आणि बाकी मोकळ्या पत्र्यावर अधूनमधून. ३० ते ४० टक्के भाग झाकला तरी पुरतं. पत्र्यावर बोटाने टकटक करून ऐका. ‘टण्ण’ची ‘ठप्प’ झाली की थांबा. सगळं दार मढवल्याने बिजागऱ्यांवरचं वजन वाढतं, आवाज तेवढा वाढत नाही.

चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसा. धूळ आणि मेणचट थर राहिला तर महिन्याभरात शीट सुटून काचेच्या यंत्रणेत अडकते. लाकडी किंवा लोखंडी रोलर इतका दाबून फिरवा की शीटवरची नक्षी सपाट होईल.

आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं निव्वळ शीटने झाकली तर ती पडद्यासारखी थरथरते. भोकापेक्षा थोडा मोठा अल्युमिनियमचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा कापा, तो लावा आणि वरून शीट. लॉकची दांडी आणि काचेची केबल हलतात ती जागा सोडा. काच वरखाली करून, लॉक दोन-चार वेळा उघडबंद करून मगच शेवटचा तुकडा बसवा.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. दाराच्या तळाला पाणी निघायच्या फटी असतात, त्या बुजवल्या तर पाणी साठून दार आतून गंजतं. आणि पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचं तोंड झाकायचं नाही, त्याच्याजवळ नवं भोकही पाडायचं नाही.

शेवटी पॅडच्या मागे, स्पीकरभोवती फोमची कडी लावा म्हणजे पॅड बसल्यावर ती जाळीला टेकेल. ती नसली की निम्मा आवाज पॅडच्या मागेच फिरतो आणि क्लिपा खडखडतात.

शून्य_डीबी

चारओहमला +१, विशेषतः शेवटच्या कडीला. कामात सगळ्यात जास्त तीच गाळली जाते.

आता रेडिओ. ॲम्प घ्यायच्या आधी तो बाहेर काय फेकतो ते मोजा. ५० हर्ट्झ आणि ४०० हर्ट्झचे ० डीबीचे टोन यूएसबीवर डब्ल्यूएव्हीमध्ये टाका, ब्लूटूथवर नको. बेस, ट्रेबल शून्यावर. वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सोय बंद. फेडर पुढे. क्रॉसओव्हरकडे जाणारी वायर सोडवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि तिच्या दोन टोकांमध्ये मोजा. एक टोक बॉडीला लावून मोजायचं नाही. व्हॉल्यूम १२ वर, ३० वर आणि पुढे एकेक पायरी. १००० हर्ट्झ मुद्दामच सांगितला नाही, स्वस्त मल्टिमीटर ४०० च्या वर एसी नीट दाखवत नाहीत.

सोबत एक डीसी मापही घ्या. काळी प्रोब बॉडीला, लाल स्पीकरच्या कुठल्याही वायरीला. ६-७ व्होल्ट आले तर आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, म्हणजे स्पीकरची मायनस वायरही बॉडीला जोडलेली नसते.

मागचीसीट

दोन्ही दारांची कामं झाली. बेस बऱ्यापैकी परतला, २०-२२ वर गाडीत मजा येते. ३० च्या पुढे अजून कोरडंच.

माप असं:
१२ वर: ५० हर्ट्झ १.९ व्होल्ट, ४०० हर्ट्झ १.० व्होल्ट.
३० वर: ५० हर्ट्झ २.६ व्होल्ट, ४०० हर्ट्झ ६.२ व्होल्ट.
४०० हर्ट्झ पुढे: ३३ वर ८.१, ३४ वर ८.६, ३६ वर ९.१.
डीसी: दोन्ही वायरींवर ६.८.

शून्य_डीबी

ही मापं बोलकी आहेत. १२ वर तुमचा रेडिओ ५० हर्ट्झला साडेपाच डीबी वर उचलतो आणि ३० वर तोच ५० हर्ट्झ साडेसात डीबी खाली दाबतो. म्हणजे व्हॉल्यूम वाढवताना बेसला जवळजवळ १३ डीबीचा फटका. कंपनी हे मुद्दाम करते: हळू आवाजात कानाला बेस कमी लागतो म्हणून वाढवते आणि जोरात मूळचा स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून कापते. आता तो स्पीकर नाही, पण रेडिओला ते कोण सांगणार?

३३ पर्यंत प्रत्येक पायरीला सुमारे ०.९ डीबी वाढतंय, ३४ ला ती वाढ ०.५ वर आली. तिथे लाटेचे माथे कापले जायला लागले. तेव्हा ३३ ही तुमची स्वच्छ मर्यादा. ८.१ चा वर्ग भागिले ४, म्हणजे १६ वॅट. कंपनीच्या बहुतेक रेडिओंतून १५ ते २० वॅटच निघतात. १२ व्होल्टच्या गाडीत ब्रिज आउटपुटला त्याहून फार जास्त निघूच शकत नाही, पत्रकात ५० वॅट गुणिले ४ असं कितीही छापलं तरी.

गाणी ३३ च्या आधीच फाटायची त्याचं कारण बहुधा रेडिओचं नव्हतं. उलट्या पोलॅरिटीमुळे बेस मिळत नव्हता म्हणून तुम्ही बेसचं बटण वाढवलेलं असणार. बेस +६ केला की त्या सुरांना चौपट वॅट लागतात.

आता ॲम्प लावला तर वॅट मिळतील, पण हा वाकडा इक्वलायझर तसाच मोठा होऊन बाहेर येईल. म्हणून नुसता ॲम्प न घेता डीएसपी (फिल्टर, इक्वलायझर, उशीर लावणारी चिप) अंगात असलेला ४ किंवा ६ चॅनेलचा ॲम्प घ्या, त्याला हाय-लेव्हल इनपुट हवेत, म्हणजे रेडिओच्या स्पीकर वायरी थेट घेणारे. डीएसपी एका व्हॉल्यूमवर बेस सरळ करू शकतो, सगळ्या व्हॉल्यूमवर नाही. तेव्हा रेडिओ २५ च्या आसपास एका जागी ठेवून, डीएसपीचा वेगळा रिमोट नॉब असेल तर रोजचा आवाज त्यानेच कमीजास्त करणं सगळ्यात सरळ.

तांबडी_तार

जोडणीचं मी सांगतो.

६.८ व्होल्ट डीसी दिसतात म्हणजे स्पीकरच्या मायनस वायरीला बॉडी समजायचं नाही. ती बॉडीला टेकली की रेडिओचा आउटपुट आयसी जाऊ शकतो. चारही वायरी, दोन प्लस दोन मायनस, जशाच्या तशा ॲम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला. ॲम्प १० व्होल्ट तरी इनपुट पचवतो का ते माहितीपत्रकात बघा. याच डीसीवरून बरेच ॲम्प आपोआप चालू होतात, तशी सोय असली तर ॲम्प चालू करणारी वेगळी रिमोट वायर ओढायची गरज नाही. कंपनीची हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका, रेडिओच्या मागे मधेच कपलरने बसणारी टी-हार्नेस मिळते. कधी मूळ स्थितीला आणायचं झालं तर दोन कपलर जोडले की काम झालं.

ॲम्प लावल्यावर काही रेडिओ ‘स्पीकर नाही’ समजून चॅनेल बंद करतात. त्या वेळी प्लस-मायनसच्या मधे २० ते ४७ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लावतात. तुमचा रेडिओ उघड्या वायरीवर माप देत होता, तेव्हा हा प्रश्न येऊ नये.

करंटचं गणित: ४ गुणिले ६० म्हणजे २४० वॅट. क्लास डी प्रकारच्या ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३०० वॅट, भागिले १३.८ व्होल्ट, २२ अँपिअर. ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज, किंवा ॲम्पच्या पत्रकात असेल तो. तांब्याचा मुलामा दिलेली अल्युमिनियम वायर असेल तर दोन नंबर जाड घ्या. कोयत्याने नाही, ब्लेडने टोक खरवडा, आत पांढरं दिसलं तर अल्युमिनियम. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्प वाचवायला नसतो, फायरवॉलमध्ये वायर घासून पत्र्याला लागली तर आग लागू नये म्हणून असतो. तिथे रबरी ग्रोमेट लागतोच लागतो.

अर्थिंग: ॲम्पच्या जवळ, अर्ध्या मीटरच्या आत, रंग घासून उघडा केलेला पत्रा, क्रिंप केलेला लग, दातेरी वॉशर, वरून गंजरोधक. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ घेऊ नका. बॅटरीच्या मायनस खांबावर करंट मोजणारा सेन्सर असेल तर थेट खांबालाही नको, बॉडीलाच घ्या. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो आणि स्टार्ट-स्टॉप रुसतं.

दारातली कंपनीची वायर बदलायचा अट्टहास करू नका. ०.५ चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर, जाऊन येऊन साधारण ०.३५ ओहम. ४ ओहमवर पाऊण डीबीही जात नाही. त्यासाठी दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढण्यात अख्खी सुट्टी जाते.

ट्विटरची वायर ए-पिलरमध्ये नेणार असाल तर पडदा-एअरबॅगच्या मागून. तिच्यावरून किंवा समोरून कधीच नाही. बॅटरीचं मायनस सोडून दहा मिनिटं थांबा, मगच पिलर उघडा.

मागचीसीट

मोठ्या ॲम्पच्या आधी स्वस्तातला उपाय म्हणून वूफरला कपॅसिटर लावून खालचा बेस तोडायचा आणि सीटखाली पॉवर्ड सबवूफर (फक्त खालच्या बेसचा, ॲम्प आतच असलेला स्पीकर) टाकायचा, असं चालेल?

चारओहम

कपॅसिटर कागदावर छान दिसतो: ४ ओहम, ३९० मायक्रोफॅरड, १०० हर्ट्झला कट. प्रत्यक्षात वूफरच्या रेझोनन्सपाशी (कोन आपसूक जास्त डोलतो त्या सुरापाशी), साधारण ६० ते ८० हर्ट्झला, त्याचा इंपिडन्स, म्हणजे एसीला होणारा विरोध, २०-३० ओहमपर्यंत चढतो. मग कपॅसिटरला हवा तो कट साधत नाही, कधी तिथे उंचवटाही येतो. लावायचाच तर नॉन-पोलर, ५० व्होल्टच्या वरचा. थोडी मदत होईल, एवढंच.

सीटखालचा ८ इंची सब मात्र वाईट नाही. ४०-४५ हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून अपेक्षा नको. सिग्नल पुढच्या स्पीकरवरून घ्या. मागच्यावरून घेतलात तर फेडर पुढे केला की सब मुका. लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० वर, मग फेज ० आणि १८० करून बघा आणि चालकाच्या जागी बसून ज्यात ८० च्या आसपासचा बेस भरीव लागतो ते ठेवा.

गाडीत इंजिनाची घरघर मारणारी मायक्रोफोनची व्यवस्था असेल तर सब लावल्यावर मंद गतीला विचित्र हुंकार येतो, कारण ती व्यवस्था सबच्या आवाजालाच इंजिन समजते. ती बंद करावी लागते.

शून्य_डीबी

सब घेतला तरी वर मोजलेला बेसचा कट त्यालाही लागू आहे, कारण सिग्नल त्याच रेडिओचा. ३० वर सबसुद्धा आवाज गाळेल. मी असतो तर आधी डीएसपीवाला ॲम्प घेतला असता, सब नंतर.

गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट करतो ते, लावायची पद्धत लिहून ठेवतो. स्पीकर सोडवा, डीएसपीतले सगळे फिल्टर बंद, रेडिओ ३३ वर, ४०० हर्ट्झचा टोन. ६० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ १५.५. आउटपुटला १५.५ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. नंतर रेडिओ २५ वर ठेवून पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा खसखस आवाज) लावा आणि बेसची घळ भरा, पण ६ डीबीच्या वर उचलू नका. त्यापेक्षा बाकीचं खाली आणा. वूफरला ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर), २४ डीबीचा उतार.

वेळ जुळवायची तर ट्विटर आणि वूफर वेगवेगळ्या चॅनेलवर हवेत, पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढून. ट्विटरला ३५०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास द्या आणि मालिकेत २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर राहू द्या, सेटिंग चुकलं तरी कॉइल जळणार नाही. फिल्टर लावल्याची खात्री होईपर्यंत ट्विटर जोडूच नका. मग डोक्याच्या जागेपासून टेप लावून अंतर मोजा. समजा पलीकडचा वूफर १४० सेंटिमीटर, पलीकडचा ट्विटर १२५, जवळचा वूफर ९५, जवळचा ट्विटर ८५. सर्वांत लांबच्याला शून्य उशीर. आवाज मिलिसेकंदाला ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून पलीकडच्या ट्विटरला ०.४४, जवळच्या वूफरला १.३१, जवळच्या ट्विटरला १.६० मिलिसेकंद. गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो.

तांबडी_तार

आणि ॲम्प चालू केल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थचा बोल्ट उघडून पत्रा परत घासा. ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नलच्या वायरीत मधे बसवून अशी शिट्टी अडवणारी डबी) लगेच आणू नका, स्वस्तातले बेस खातात. इनपुट कपलर काढल्यावरही शिट्टी राहिली तर पॉवर किंवा अर्थ. गेली तर सिग्नलची वायर पॉवर वायरीला खेटून गेलीय, तिला गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

मागचीसीट

ठरलं, डीएसपीवाला ६ चॅनेलचा बघतो, सबसाठी २ चॅनेल राखून. एक शंका: टी-हार्नेस लावल्यावर पार्किंगची टिकटिक कुठून येईल?

तांबडी_तार

अनेक गाड्यांत ती पुढच्या स्पीकरमधून येते. तुमच्याकडे तसं असेल तर आता ॲम्पमधून येईल आणि रेडिओच्या व्हॉल्यूमशी तिचा संबंध नसतो. गेन जास्त झाला तर ती कानठळ्या बसवते. रेडिओच्या मेनूत तिची पातळी वेगळी कमी करता येते का बघा. आणि डीएसपीचा नॉब शून्यावर नेऊ नका, टिकटिकही बंद होईल.

मागचीसीट

हे लक्षात आलं नसतं. नॉबची किमान पातळी सॉफ्टवेअरमधून अडवता येईल असाच ॲम्प शोधतो.

शून्य_डीबी

तशी सोय सापडली नाही तर नॉब लावू नका. रेडिओवरच आवाज कमीजास्त करा आणि बेसची दुरुस्ती तुम्ही सगळ्यात जास्त ज्या पातळीवर ऐकता, त्या पातळीवर मोजून लावा.